हिमालयातील पुढचा मोठा भूकंप: जुन्या नोंदी काय सांगतात आणि काय सांगत नाहीत

४ डिसेंबर २०२४ च्या सकाळी तेलंगणातील मुलुगू भागात ५.३ तीव्रतेचा भूकंप झाला आणि गडचिरोली, चंद्रपूरसह नागपुरातही तो जाणवला. त्यानंतर जेमतेम पाच आठवड्यांत, ७ जानेवारी २०२५ रोजी, दक्षिण तिबेटमध्ये ७.१ तीव्रतेच्या भूकंपात शंभराहून अधिक माणसे दगावली. या दोन घटनांचा एकमेकींशी थेट संबंध नव्हता. तरीही अशा बातम्या लागोपाठ आल्या की एक विधान हमखास फिरू लागते: हिमालयात महाभयंकर भूकंप होणार आहे आणि त्याची वेळ कधीच उलटून गेली आहे. ते ऐकणाऱ्या नागपूरकराच्या मनात साहजिकच दोन प्रश्न येतात. हे खरे असेल तर शास्त्रज्ञ तारीख का सांगत नाहीत? आणि हिमालय इतका दूर असताना आपण त्याची चिंता का करावी?

या विधानात एक पक्का शास्त्रीय भाग आहे आणि त्याला जोडलेला एक कच्चा निष्कर्ष आहे, असे माझे मत आहे. ताण साठतो आहे, हे मोजून सिद्ध झालेले आहे. वेळ उलटली आहे, हे मात्र त्यावरून निघत नाही, कारण जिचे वेळापत्रकच नव्हते तिला उशीर झाला असे म्हणता येत नाही. हा फरक समजून घेण्यासाठी आधी पर्वताखाली काय चालले आहे ते पाहू.

पर्वताखाली काय चालले आहे

पृथ्वीचे कठीण कवच अनेक प्रचंड तुकड्यांचे बनलेले आहे आणि त्या प्रत्येक तुकड्याला भूपट्ट म्हणतात. आपण ज्या भारतीय भूपट्टावर राहतो तो उत्तरेकडे सरकत सरकत सुमारे ५ कोटी वर्षांपूर्वी युरेशियाच्या भूपट्टाला भिडला. त्या टकरीतून हिमालय उभा राहिला आणि ती टक्कर आजही थांबलेली नाही. दोन्ही भूपट्ट दरवर्षी साधारण ४ ते ५ सेंटिमीटर जवळ येतात. त्यातील २ सेंटिमीटरच्या आसपासचा वाटा हिमालयाच्या पट्ट्यात जिरतो आणि उरलेला तिबेट व त्यापलीकडच्या प्रदेशात वाटला जातो.

जिरतो म्हणजे कुठे जातो? खडकात जिथे तडा असतो आणि त्या तड्याच्या दोन्ही बाजू एकमेकींना घासून सरकलेल्या असतात, त्या जागेला प्रस्तरभंग म्हणतात. गेल्या काही हजार वर्षांत जिथे अशी हालचाल झाली आहे आणि पुढेही होऊ शकते तो सक्रिय प्रस्तरभंग. हिमालयाखाली असा एक अतिविशाल प्रस्तरभंग आहे, ज्याला शास्त्रज्ञ मेन हिमालयन थ्रस्ट म्हणतात. शिवालिकच्या पायथ्याशी, जिथे डोंगर संपून मैदान सुरू होते, तिथे तो जमिनीपर्यंत येतो आणि तिथून उत्तरेकडे अगदी सौम्य उताराने पर्वताच्या पोटात शिरतो. भारतीय भूपट्ट याच उतारावरून हिमालयाच्या खाली जातो.

उतार सौम्य असणे ही वरवर किरकोळ वाटणारी गोष्ट आहे, पण हिमालयाच्या भूकंपांचे आकारमान तिच्यावरच ठरते. भूकंप किती मोठा, हे प्रस्तरभंगाचे किती क्षेत्र सरकले आणि ते किती मीटर सरकले यावर अवलंबून असते. उभ्या तड्याचा ठिसूळ खडकातला भाग पंधरा-वीस किलोमीटर खोलीपर्यंतच असतो, कारण त्याखाली उष्णतेमुळे खडक मऊ पडून हळूहळू सरकू लागतो. हिमालयातील तडा जवळजवळ आडवा असल्याने तेवढीच खोली गाठेपर्यंत तो सुमारे शंभर किलोमीटर रुंद पसरतो. हिमालयाची लांबी सुमारे २,४०० किलोमीटर आहे. एवढ्या लांबीच्या आणि शंभर किलोमीटर रुंदीच्या या पृष्ठाचा काही शे किलोमीटरांचा तुकडा एका दमात सरकला की ८ किंवा त्याहून अधिक तीव्रतेचा भूकंप होतो.

अडकणे आणि सुटणे

हा प्रस्तरभंग दरवर्षी दोन सेंटिमीटर शांतपणे सरकत राहिला असता तर भूकंप झालेच नसते. उत्तरेकडच्या खोल, उष्ण भागात तो खरोखरच तसा सरकतो. दक्षिणेकडच्या उथळ भागात मात्र घर्षणामुळे तो घट्ट अडकलेला आहे. पावसाळ्यात फुगून चौकटीत अडकलेले सागवानी दार उघडताना आपण खांद्याने रेटा देत राहतो, तेव्हा दार आधी किंचित वाकते, कुरकुरते, पण जागचे हलत नाही. आणि मग कुठल्या तरी एका क्षणी, आपला रेटा वाढलेला नसतानाही, धाडकन उघडते. रेटा एकसारखा असतो, सुटणे मात्र अचानक असते. भूपट्टाचा रेटा हा तसाच एकसारखा आहे. अडकलेल्या भागातील खडक त्या रेट्याने दाबला जातो, लवचिकपणे थोडा वाकतो आणि एका क्षणी प्रस्तरभंगावरचे घर्षण हरते. मग शतकानुशतके साठलेली हालचाल दोन-तीन मिनिटांत पुरी होते.

ही कल्पना १९०६ च्या सॅन फ्रान्सिस्को भूकंपानंतर हॅरी फील्डिंग रीड या अमेरिकी शास्त्रज्ञाने १९१० मध्ये व्यवस्थित मांडली. भूकंपापूर्वी आणि नंतर केलेल्या जमीन मोजणीतील फरकांवरून त्याने दाखवून दिले की खडक तुटण्याआधी वाकत असतो. आज हेच वाकणे जीपीएसच्या साहाय्याने मिलिमीटरपर्यंत मोजता येते. हिमालयात पक्क्या खडकात रोवलेली जीपीएस केंद्रे वर्षानुवर्षे कोणत्या दिशेला किती सरकतात, यावरूनच प्रस्तरभंगाचा कोणता भाग अडकलेला आहे हे कळले.

इथून पुढचा हिशेब सोपा आहे. वर्षाला २ सेंटिमीटर या दराने शंभर वर्षांत २ मीटर आणि पाचशे वर्षांत १० मीटर हालचाल थकबाकी म्हणून साठते. एखाद्या भागात पाचशे वर्षांत मोठा भूकंप झाला नसेल, तर तिथे १० मीटरपर्यंतची हालचाल शिल्लक आहे असे म्हणता येते. कोणत्या भागात शेवटचा मोठा भूकंप कधी झाला, हा प्रश्न म्हणूनच इतका महत्त्वाचा ठरतो, आणि सगळा गुंता तिथेच आहे.

पाचशे वर्षांपूर्वीचा भूकंप कळतो कसा

भूकंपमापक यंत्रे साधारण १९०० पासूनची. त्या काळातील हिमालयाच्या परिसरातले ठळक भूकंप कुणाच्याही वादाचे नाहीत: ४ एप्रिल १९०५ चा कांगडा भूकंप (७.८), १५ जानेवारी १९३४ चा बिहार-नेपाळ भूकंप (सुमारे ८.२), १५ ऑगस्ट १९५० च्या संध्याकाळी आसाम-तिबेट सीमेवर झालेला ८.६ तीव्रतेचा भूकंप, ८ ऑक्टोबर २००५ चा काश्मीरचा (७.६) आणि २५ एप्रिल २०१५ चा नेपाळमधील गोरखा भूकंप (७.८). स्वातंत्र्याच्या तिसऱ्या वाढदिवशी झालेला १९५० चा भूकंप हा यंत्रांनी नोंदवलेला जमिनीवरचा सर्वांत मोठा भूकंप मानला जातो. डोंगर कोसळून ब्रह्मपुत्रेच्या उपनद्या अडल्या आणि सुबनसिरीचा असा बांध काही दिवसांनी फुटून पुन्हा पूर आला. तरीही प्राणहानीच्या दृष्टीने कितीतरी लहान असलेला कांगडा भूकंपच भारी ठरला, कारण तिथे सुमारे वीस हजार माणसे मेली. तीव्रता म्हणजे उगमापाशी मुक्त झालेल्या ऊर्जेचे माप. आपल्या पायाखाली बसणारा हादऱ्याचा जोर वेगळा. आणि घर पडते की टिकते ही तिसरीच गोष्ट. बातम्यांत या तिन्ही गोष्टी नेहमी एकत्र केल्या जातात.

यंत्रांच्या आधीच्या काळासाठी कागद चाळावे लागतात. १२५५ मध्ये काठमांडूत भूकंप होऊन राजा अभय मल्ल मृत्यू पावला, हे नेपाळच्या वंशावळ्यांमुळे कळते. १ सप्टेंबर १८०३ रोजी गढवालमध्ये मोठा भूकंप झाला, त्याचे धक्के दिल्लीपर्यंत पोहोचले आणि कुतुबमिनाराचा माथा पडला. आपल्याकडच्या वाचकांना ती तारीख वेगळ्या कारणाने ओळखीची वाटेल. दिल्ली तेव्हा शिंद्यांच्या ताब्यात होती आणि अवघ्या दहा दिवसांनी पटपडगंजच्या लढाईत ती इंग्रजांकडे गेली. त्याच महिन्यात असईच्या रणांगणावर नागपूरकर रघूजी भोसले शिंद्यांसोबत होते. राज्येच उलथत असताना भूकंपाच्या नोंदी तुटक राहिल्या, यात नवल नाही.

कागदांची दुसरी अडचण म्हणजे सरमिसळ. ६ जून १५०५ रोजी पश्चिम नेपाळ आणि दक्षिण तिबेटच्या परिसरात फार मोठा भूकंप झाला. त्याच वर्षी जुलैमध्ये काबूलमध्ये वेगळाच भूकंप झाला आणि त्याचे वर्णन खुद्द बाबराने लिहून ठेवले आहे. महिन्याभराच्या अंतराने, हजारावर किलोमीटर दूर झालेल्या या दोन घटना पुढे कागदोपत्री एकमेकींत मिसळल्या आणि त्या वेगळ्या करायला संशोधकांना तिबेटी व फारसी साधने शेजारी ठेवून वाचावी लागली.

कागदही नसतात तिथे जमीन खणतात. या शाखेला पुराभूकंपशास्त्र म्हणतात. प्रस्तरभंग जिथे पृष्ठभागावर येतो तिथे काही मीटर खोल चर खणला की मातीचे आणि गोट्यांचे थर दिसतात. मोठ्या भूकंपात हे थर तुटून वरखाली झालेले असतात आणि त्यांच्यावर नंतर साचलेला थर अखंड असतो. तुटलेल्या आणि अखंड थरांतील कोळशाच्या कणांचे वय कार्बन पद्धतीने काढले की भूकंप या दोहोंच्या मधल्या काळात झाला असे ठरते. १९३४ च्या भूकंपात जमीन कुठे फाटली होती हे जवळजवळ ऐंशी वर्षे कुणाला सापडले नव्हते. आग्नेय नेपाळमधील सिर खोला या नदीकाठी केलेल्या अशा अभ्यासातून २०१३ मध्ये प्रसिद्ध झाले की तिथे १९३४ मध्ये जमीन फाटली होती आणि त्यापूर्वी १२५५ मध्येही. म्हणजे एकाच जागी दोन महाभूकंपांत ६७९ वर्षांचे अंतर.

चर खणण्याची ही पद्धत सुंदर आहे, पण तिच्या मर्यादा वाचकाने लक्षात ठेवल्या पाहिजेत, कारण पुढचे सगळे वाद त्यांतूनच निघतात. कार्बन पद्धत वर्ष सांगत नाही, काही दशकांचा किंवा शतकाचा टप्पा सांगते. त्यामुळे दोन ठिकाणच्या चरांत एकाच टप्प्यातील तुटलेले थर सापडले, तर तो पाचशे किलोमीटर लांबीचा एक प्रचंड भूकंप होता की चाळीस वर्षांच्या अंतराने झालेले दोन बेताचे भूकंप होते, हे थरांवरून सांगता येत नाही. आणि जो भूकंप पृष्ठभागापर्यंत पोहोचतच नाही तो चरात दिसत नाही. २०१५ चा गोरखा भूकंप असाच होता: ७.८ तीव्रता, जवळपास नऊ हजार मृत्यू आणि काठमांडू खोरे सुमारे मीटरभर उचलले गेलेले, पण पायथ्याशी जमीन फाटलीच नाही. पाचशे वर्षांनी तिथे चर खणणाऱ्याला तो सापडणार नाही.

‘दर ऐंशी-शंभर वर्षांनी येतो’ यात तथ्य आहे का

नेपाळमध्ये ही समजूत फार पक्की आहे आणि तिला आधारही दिसतो. १८३३, १९३४ आणि २०१५ या तीन भूकंपांमधील अंतरे १०१ आणि ८१ वर्षे आहेत. पण थोडे मागे जाऊन काठमांडूच्या इतिहासातील ठळक भूकंप मांडले, १२५५, १४०८, १६८१, १८३३, १९३४, २०१५, तर अंतरे १५३, २७३, १५२, १०१ आणि ८१ अशी येतात. यात क्रम शोधणाऱ्याला भूकंप जवळ जवळ येत चालले आहेत असेही म्हणता येईल. मग त्याच यादीत १८६६ चा भूकंप घातला, कारण तोही नोंदलेला आहे, तर १०१ ऐवजी ३३ आणि ६८ अशी दोन अंतरे होतात आणि तो क्रम मोडतो. कोणता भूकंप मोठा म्हणून निवडायचा यावर अंतर ठरते, आणि ती निवड करणारा माणूस बहुधा हव्या त्या अंतराकडे बघत असतो.

त्याहून मूलभूत आक्षेप असा की हे भूकंप एकाच जागी झालेलेच नाहीत. काठमांडूला ते सगळे जाणवले, पण १९३४ मध्ये प्रस्तरभंगाचा पूर्वेकडचा भाग सरकला आणि २०१५ मध्ये काठमांडूच्या वायव्येकडून सुरू होऊन शहराखालून पूर्वेला गेलेला भाग. १८३३ चा भूकंप २०१५ च्या बऱ्यापैकी जवळच्या क्षेत्रातला मानला जातो आणि त्यांच्यातील अंतर १८२ वर्षांचे आहे. शहराचा इतिहास आणि प्रस्तरभंगाचा इतिहास या दोन वेगळ्या वह्या आहेत.

(१८३३ ची एक गोष्ट जाता जाता. त्या दिवशी मुख्य धक्क्यापूर्वी दोन धक्के आधीच बसल्याने लोक घाबरून घराबाहेर पडले होते, म्हणून मृतांचा आकडा शेकड्यांतच राहिला. हा निव्वळ योग होता. बहुसंख्य मोठ्या भूकंपांआधी असा स्पष्ट इशारा मिळत नाही.)

लहान धक्क्यांनी ताण निघून जातो ना?

हा प्रश्न सर्वांत जास्त विचारला जातो आणि त्याचे उत्तर आकड्यांत देणे बरे. तीव्रतेच्या मोजपट्टीवर एक अंक वाढला की मुक्त होणारी ऊर्जा सुमारे ३२ पट होते. ८ तीव्रतेच्या एका भूकंपाची ऊर्जा लहान हप्त्यांत फेडायची तर ६ तीव्रतेचे हजार, किंवा ५ तीव्रतेचे बत्तीस हजारांच्या आसपास भूकंप लागतील. एवढे भूकंप हिमालयात होत नाहीत. तेव्हा उत्तरकाशी (१९९१, ६.८) किंवा चमोली (१९९९, ६.६) यांसारख्या भूकंपांनी शेकडो माणसे मारली तरी मूळ थकबाकी फारशी कमी झालेली नाही.

गोरखा भूकंपाने तर उलटी चिंता निर्माण केली. तिथे प्रस्तरभंगाच्या अडकलेल्या पट्ट्याची फक्त खालची, उत्तरेकडची कड सुटली. दार एका कोपऱ्यात सुटून उरलेल्या कडेला आणखी घट्ट रुतावे तशी आता दक्षिणेकडच्या उथळ भागाची अवस्था आहे आणि पश्चिमेकडचा भाग तर हललेलाच नाही. २०१५ मुळे नेपाळची पुढच्या शतकापुरती सुटका झाली, असे तेव्हा अनेकांनी म्हटले होते. त्या म्हणण्याला शास्त्रीय आधार नाही.

नकाशातील मोकळी जागा

कांगड्याचा १९०५ चा भूकंप आणि बिहार-नेपाळचा १९३४ चा भूकंप यांच्या मधला हिमालय, म्हणजे ढोबळमानाने गढवाल, कुमाऊँ आणि पश्चिम नेपाळ, यंत्रांच्या काळात ८ तीव्रतेने हललेला नाही. या सुमारे ७०० किलोमीटरच्या पट्ट्याला सेंट्रल सिस्मिक गॅप म्हणतात. सुरुवातीच्या विधानातील ‘वेळ उलटून गेली’ हा भाग बहुतेक वेळा याच पट्ट्याबद्दल असतो. १५०५ नंतर इथे मोठे काही झाले नसेल तर १० मीटरची हालचाल शिल्लक आहे आणि ती एका वेळी सुटली तर भूकंप साडेआठच्या आसपास जाऊ शकतो, असा हा युक्तिवाद आहे.

त्यात दोन ठिकाणी अडते. १८०३ च्या गढवाल भूकंपाने यातील किती हालचाल खर्च केली याबद्दल अभ्यासकांत एकमत नाही; तो ८ च्या जवळपास होता असे मानले तर पट्ट्याचा पश्चिम भाग रिकामा राहत नाही. आणि १५०५ चा भूकंप नेमका किती लांबीवर पसरला होता, हेही वर सांगितलेल्या चरांच्या मर्यादेमुळे ठामपणे ठरत नाही. पट्टा धोक्याचा आहे यात मतभेद नाहीत. मतभेद आहेत ते पुढचा भूकंप एकच प्रचंड असेल की ७.५ ते ८ चे दोन-तीन असतील याबद्दल, आणि डेहराडूनमध्ये शाळेची इमारत बांधणाऱ्याच्या दृष्टीने या दोन्हींचा अर्थ एकच निघतो.

मग तारीख का सांगता येत नाही

याचे सर्वांत बोलके उत्तर हिमालयात नाही, कॅलिफोर्नियात आहे. पार्कफील्ड नावाच्या छोट्या वस्तीजवळ सॅन आंद्रियास प्रस्तरभंगाच्या एका तुकड्यावर १८५७, १८८१, १९०१, १९२२, १९३४ आणि १९६६ मध्ये साधारण सारख्याच, ६ च्या आसपासच्या तीव्रतेचे भूकंप झाले होते. सरासरी अंतर जवळपास २२ वर्षे. इतकी नियमित नोंद जगात क्वचितच असेल. पुढचा भूकंप १९८८ च्या आसपास आणि फार तर १९९३ पर्यंत होईल असे अधिकृत भाकीत करून तिथे उपकरणांचे जाळे उभारण्यात आले. भूकंप झाला तो २८ सप्टेंबर २००४ रोजी. जागा बरोबर आली, तीव्रता बरोबर आली, वेळ मात्र अकरा वर्षांनी चुकली. जिथे सहा भूकंपांची स्वच्छ नोंद होती तिथे ही गत. हिमालयातील बहुतेक भागांत एकाच जागचे दोन भूकंप नीट ठाऊक असले तरी पुष्कळ म्हणायचे.

चीनमध्ये फेब्रुवारी १९७५ मध्ये हायचेंगचे लोक भूकंपाआधी बाहेर काढले गेले, हे उदाहरण नेहमी दिले जाते. तिथे आधी छोट्या धक्क्यांची रांगच लागली होती. पुढच्याच वर्षी तांगशानमध्ये तसा इशारा मिळाला नाही आणि अधिकृत आकड्यानुसार सुमारे २ लाख ४२ हजार माणसे गेली.

माणसाला तारीख हवी असते, आणि तारीख मिळत नसेल तर निदान कारण हवे असते. १९३४ च्या भूकंपानंतर महात्मा गांधींनी तो अस्पृश्यतेच्या पापाची शिक्षा असल्याचे म्हटले. वर्ध्याहून सुरू केलेल्या हरिजन यात्रेवर ते त्या वेळी होते. रवींद्रनाथ टागोरांनी जाहीरपणे हरकत घेतली: भौतिक घटनेची कारणे भौतिकच असतात. गांधींनी ती हरकत आपल्याच साप्ताहिकात छापली आणि तरीही मत बदलले नाही. आज ग्रहांच्या युतीवरून भूकंपाचा दिवस सांगणारे जे संदेश फिरतात, त्यांच्या मानाने तो वाद फारच वरच्या पातळीवरचा होता.

तारीख नसली तरी दोन गोष्टी हाती आहेत. एक म्हणजे संभाव्यता: अमुक भागात पन्नास वर्षांत अमुक जोराचा हादरा बसण्याची शक्यता किती, हे सांगता येते आणि इमारतींचे नियम त्यावरच आधारलेले असतात. दुसरी म्हणजे काही सेकंदांची सूचना. भूकंप सुरू झाल्यावर वेगवान पण सौम्य लहरी आधी पोहोचतात आणि विध्वंसक लहरी मागून येतात. या फरकाचा उपयोग करून उत्तराखंडात २०२१ पासून मोबाइलवर इशारा देणारी यंत्रणा आहे. हे भाकीत नव्हे, कारण भूकंप तोवर झालेला असतो. पण गढवालमध्ये तो झाला तर दिल्लीला मिनिटभराच्या आसपास वेळ मिळू शकतो, आणि तेवढ्यात मेट्रो थांबवता येते, लिफ्ट थांबवता येते.

हिमालय दूर आहे, मग नागपूरने का बघावे

नागपूरपासून हिमालयाचा पायथा सरळ रेषेत सातशे किलोमीटरहून अधिक दूर आहे. तिथल्या मोठ्या भूकंपाने इथे उंच इमारतींतील लोकांना हेलकावा जाणवेल. पडझड होण्याचे कारण दिसत नाही. गंगेच्या मैदानातील गाळ हादरा वाढवतो तसा जाड गाळ आपल्याखाली नाही. सीताबर्डीच्या टेकडीपासून पश्चिमेला बेसाल्ट आणि पूर्वेला त्याहून कितीतरी प्राचीन खडक, अशी आपली जमीन आहे. २००२ च्या भारतीय मानकातील नकाशात नागपूर सर्वांत कमी धोक्याच्या विभाग २ मध्ये होते.

तरीही संबंध आहे आणि तो खालून आहे. उत्तरेकडच्या टकरीचा दाब हिमालयापाशीच संपत नाही. संपूर्ण भारतीय भूपट्ट त्या दाबाखाली आहे आणि त्यातील जुन्या, कमकुवत पट्ट्यांवर तो अधूनमधून मोकळा होतो. नर्मदा-सोन पट्टा हा त्यांतील एक. त्याच्यावर २२ मे १९९७ रोजी जबलपूरला ५.८ तीव्रतेचा भूकंप झाला आणि जबलपूर तर आपल्यापासून रस्त्याने पावणेतीनशे किलोमीटरच्या आसपास आहे. मुलुगूचा धक्का गोदावरी खोऱ्यातील अशाच प्राचीन पट्ट्यातला. तिथे १९६९ मध्ये भद्राचलमलाही ५.७ तीव्रतेचा भूकंप झालेला होता.

इथे हिमालयाच्या इतिहासाची पद्धत चालत नाही, हे अधिक महत्त्वाचे. हिमालयात प्रस्तरभंगाला वर्षाला दोन सेंटिमीटरची हालचाल मिळते, म्हणून काही शतकांत भूकंप परततो आणि निदान काही पिढ्यांच्या आठवणीत राहतो. भूपट्टाच्या अंतर्भागात ती हालचाल इतकी अल्प आहे की एकाच तड्यावर पुन्हा भूकंप व्हायला हजारो वर्षे लागू शकतात. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीला ६.२ तीव्रतेचा भूकंप झाला तेव्हा तो भाग नकाशात सर्वांत सुरक्षित अशा विभाग १ मध्ये होता. हजारो माणसे मेली, मुख्यतः दगड-मातीच्या जाड भिंती आणि वरचे जड माळवद कोसळून. नंतरच्या नकाशातून विभाग १ काढूनच टाकला. नोंद नाही म्हणजे धोका नाही, असे महाराष्ट्रात तरी १९९३ नंतर कुणी म्हणू नये.

याचा अर्थ नागपुरात किल्लारी घडणार असा नाही. विभाग २ मध्येही भूकंपाचा विचार करूनच इमारतीचे आरेखन करणे अपेक्षित असते, एवढे खरे. सळया आणि त्यांना वेढणाऱ्या रिंगांची भूकंपाला तोंड देणारी विशेष बांधणी मात्र विभाग ३ पासून सक्तीची असल्याने इथे ती बहुधा टाळली जाते. खाली केवळ कॉलमवर उभी पार्किंग आणि वर भिंतींनी भरलेले चार-पाच मजले, अशी रचना शहरभर झाली आहे, आणि हादऱ्यात अशा इमारतीचा तळमजलाच आधी दगा देतो, हे २००१ मध्ये अहमदाबादने पाहिले. भूजच्या त्या भूकंपाचे केंद्र तिथून दोनशे किलोमीटरहून दूर होते. नव्या फ्लॅटचे पैसे भरताना स्ट्रक्चरल इंजिनिअरला दोन गोष्टी विचारायला हरकत नाही: तळमजल्यावरचे कॉलम वरच्यांपेक्षा मजबूत धरले आहेत का, आणि रिंगांची टोके कॉलमच्या आत, १३५ अंशांत वळवली आहेत का. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर स्लॅब पडण्याआधी साइटवर जाऊन डोळ्यांनीही तपासता येते. नंतर ते काँक्रीटमध्ये गेलेले असते.